बाराशे चाळिसावा फेरा

पिंपळवंडीच्या शिवारात ज्याची मोटर जळते तो आधी वीजवाल्यांना चार शिव्या देतो, मग विहिरीवर जाऊन उगाच एकदा स्टार्टर दाबून बघतो, आणि शेवटी मोटर पिकअपमध्ये टाकून नवनाथच्या दुकानात येतो. तीस वर्षं हे असंच चाललं आहे. दुकानाच्या पाटीवरचं नाव कधीच उडालं. पाटी वाचून तिथे कुणी येत नसल्यामुळे ती पुन्हा रंगवायची गरज त्याला कधी वाटली नाही.

नवनाथचे वडील बाजीराव मूळचे पिंपरी पेंढारचे. छप्पन सालानंतर त्यांनी दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली, आणि मुलगा कळता झाल्यावर त्याला एकच गोष्ट सांगितली, "असं काम शिक की लोकांनी तुज्या दारात यावं." नवनाथ दहावीला गणितात पास आणि बाकी सगळ्यात नापास झाला. मग तो नारायणगावात हौशीराम वस्तादांकडे मोटरी भरायला शिकला. मोटर भरायची म्हणजे जळालेली तार उचकटून काढायची आणि मोजून तितक्याच फेऱ्यांची नवी तांब्याची तार तिच्या जागी बसवायची. ऐकायला सोपं वाटतं. ज्यांना सोपं वाटलं त्यांची दुकानं आता मोबाइल दुरुस्तीची झाली आहेत.

वस्तादांनी त्याला हात दिला, डोळा दिला आणि धंद्यातला एक नियमही दिला. तार मधेच तुटली तर भरत आलेली कॉईल फेकायची नाही. जोड द्यायचा, सोल्डरचा बारीक ठिपका, वरून वार्निश, आणि पुढे जायचं. "आन जोड गिऱ्हाइकाला सांगायचा नसतो," वस्ताद म्हणायचे. "सांगितला की मोटर नीट चालली तरी त्याला तोच ऐकू येतो." यात लबाडी नव्हती. नवनाथने दिलेला जोड मोटर मोडीत गेली तरी सुटत नसे. आपल्याला खात्री आहे, मग समोरच्याच्या जिवाला घोर कशाला, एवढाच त्यातला विचार. चांगल्या माणसांची हीच तर पंचाईत असते. ती दुसऱ्याचं भलं त्याला न विचारता करून टाकतात.

त्याला मुलगी एकच, साक्षी. शाळा सुटली की ती दुकानात येऊन बसायची आणि बाप तार गुंडाळत असताना फेरे मोजायची. मोजता मोजता ती इतकी पुढे गेली की पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेत धातूंवर पीएचडी करायला लागली. मेंढरं सोडून शेतीला लागलेला दादाभाऊ हा नवनाथचा जुना मित्र. त्याची मोटर वर्षातून दोनदा जळायची आणि तोंड बारा महिने चालायचं.

"पोरीला इतक्या लांब कशाला धाडलीस राव?" तो म्हणायचा. "खोडदला दुर्बिणीच्या छत्र्या हायेत की. तिथं लावायची, दुपारचा डबा तरी घरचा मिळाला असता."

"तिथं आभाळाचं काम हाय," नवनाथ म्हणायचा. "हिचं धातूचं हाय."

"धातूचं तर तुजं बी हाय. मंग ती पुण्यात काय येगळं करती?"

हे नवनाथलाही धड माहीत नव्हतं. म्हणून एका सुट्टीत त्याने तिला विचारलंच. साक्षी दुकानातल्या स्टुलावर बसली आणि तिने समोरचा तांब्याच्या तारेचा तुकडा उचलला.

"नाना, धातूच्या आत इलेक्ट्रॉन असतात. प्रत्येक जण एक छोटा चुंबक असतो असं समजा. गरम असताना सगळ्यांची तोंडं वाटेल तिकडे. खूप थंड केलं की काही धातूंमध्ये ते रांगेत उभे राहतात, एक वर, एक खाली, असे."

"आन वरनं आपण चुंबक लावला तर?"

तिला बापाचा हा प्रश्न फार आवडला. "तर रांग मोडायला लागते. जोर वाढवत नेला की एक वेळ अशी येते की कितीही थंड करा, रांग लागतच नाही. बरोबर त्या सीमेवर धातूला ठरवता येत नाही, रांगेत राहू की मोडू. सगळं गोठून गप्प व्हावं अशी थंडी असते तिथे, त्याहून खाली जगात काही नाही. तरी तो आतून हलत असतो. उष्णतेने नाही, त्याच्या स्वभावानेच. आणि त्या एका जागेमुळे तो धातू पुस्तकातल्या कुठल्याच धातूसारखा वागत नाही. आमच्या धातूत ती जागा आहे की नाही, असेल तर चुंबकाच्या किती जोराला आहे, हे मला शोधायचंय."

"सापडली तर?"

"तर त्या धातूसोबत माझं नाव घेतील, नाना."

नवनाथने तारेचा तो तुकडा परत जागेवर ठेवला. आणि त्या दिवसापासून त्याच्या लेखी तो धातू घरचाच झाला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो रांगेची गोष्ट सांगू लागला, थोडी चुकीची, पण अभिमानाने.

तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये साक्षी एक पांढरी प्लास्टिकची रिळी घेऊन घरी आली. बोटाच्या पेराहून लहान. धातूचा स्फटिक त्या रिळीच्या पोटात बसणार, आणि भोवतीच्या कॉईलमधून त्याची हालचाल कळणार. कॉईल बाहेरून मागवली तर सहा महिने लागत होते, आणि थंडीचं यंत्र तिला पुढच्या सोमवारपासून मिळणार होतं. सोळाशे फेरे हवे होते, केसाहून बारीक तारेचे.

"तुमच्यासारखं कुणाला जमणार नाही," ती म्हणाली. "फक्त मधे जोड चालणार नाही. तुटली तर सोडून द्या, मला कळवा."

जोड का चालणार नाही हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. जोडाने तार कच्ची होते म्हणून म्हणत असेल, असं त्याला वाटलं. आणि आपला जोड कच्चा नसतो हे तर अख्ख्या तालुक्याला माहीत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी दुकानात जळालेल्या मोटरींची रास पडली होती. ती तशीच ठेवून तो चार दिवस ती रिळी घेऊन बसला. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून, पंखा बंद करून. पहिल्यांदा तार तीनशेला तुटली. दुसऱ्यांदा सातशेला. दोन्ही वेळा त्याने ती निमूटपणे सोडली आणि नव्याने सुरुवात केली. तिसऱ्यांदा बाराशे चाळिसाव्या फेऱ्याला तुटली, तेव्हा शनिवारची दुपार होती. रिळावर राहिलेली तार उरलेल्या फेऱ्यांपुरतीच होती, पुन्हा पहिल्यापासून भरण्याइतकी नव्हती. साक्षी उद्या सकाळी येणार होती. तिला कळवलं तर तिची यंत्राची पाळी जाणार होती, मग पुन्हा किती महिन्यांनी मिळेल देव जाणे.

त्याने जोड दिला. खसखशीच्या दाण्याएवढा ठिपका, वर वार्निश. मीटर लावून पाहिला, काटा हवा तिथे आला. हात लावून सांगता आलं नसतं की जोड कुठे आहे. रविवारी साक्षीने कॉईल कापसात गुंडाळून नेली. त्याने तिला जोड सांगितला नाही.

महिन्याभराने तिचा फोन आला.

"नाना, सापडली."

मग ती स्वतःच आली आणि लॅपटॉपवर रेघ दाखवली. चुंबकाचा जोर वाढवत नेला की रेघ सरळ जायची आणि एका जागी एकदम पायरी चढल्यासारखी उठायची. जितकी थंडी कमी-जास्त, तितकी ती पायरी मागे-पुढे सरकायची. जशी सरकायला हवी होती तशीच. तिचे सर परदेशात चार ठिकाणी ही रेघ दाखवून आले. शोधनिबंध छापून आला. त्याच्या शेवटी, बारीक अक्षरांत, कॉईल भरून दिल्याबद्दल नवनाथचे आभार मानलेले होते, नाव आणि गावासकट. त्याने ते पान लॅमिनेट करून दुकानात लावलं. दादाभाऊने ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "आता आमची मोटर डॉलरमधी भरणार काय रं तू?" त्या दिवशी नवनाथने सगळ्यांना चहा पाजला. एवढं सुख त्याने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, हे त्याची बायको जया अजून सांगते.

वर्ष गेलं. मग परदेशातल्या एका गटाने तोच धातू घेऊन तीच मोजणी केली. त्यांना पायरी दिसली नाही.

साक्षीने पुन्हा मोजलं. तिला दिसली. पुन्हा केलं, पुन्हा दिसली. ते लोक म्हणाले, दिसत नाही. ती सुट्टी घेऊन घरी आली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. जेवण पुढे ठेवलं तर घास हातात धरून बसायची. तिसऱ्या दिवशी ती दुकानात येऊन स्टुलावर बसली.

"आम्ही ठरवलंय की स्फटिकात दोष असेल," ती म्हणाली. "स्फटिक प्रांजलने भट्टीत बनवले होते. पेठची प्रांजल, माझ्या खोलीवर राहायची ती. मी सरांना सांगितलं, तिचा माल अशुद्ध असणार. आता सर तिला सगळ्यांपुढे बोलतात. ती खोली सोडून गेली. माझ्याशी बोलत नाही."

नवनाथच्या हातात भरायला घेतलेली कॉईल होती. तो ऐकत होता.

"तशी दुसरी पण एक शक्यता असते," ती पुढे म्हणाली, बापाशी कमी आणि स्वतःशी जास्त. "सोल्डर. त्यात शिसं आणि कथिल असतं. आपल्याला साधं वाटतं, पण त्या थंडीत ते चुंबकाला आतच येऊ देत नाही. जोर वाढवला की एका ठिकाणी हार खातं आणि सोडून देतं. तेव्हा रेघ बरोबर अशीच उठते. थंडी बदलली की तशीच सरकते. पण आपल्या कॉईलमध्ये जोड नाही ना, म्हणून तो विचार मी पहिल्याच दिवशी खोडून टाकला."

ती असं म्हणाली आणि उठून घरी गेली. नवनाथ तिथेच बसून राहिला. हातातल्या कॉईलचे फेरे मोजायचं तो विसरला. गिऱ्हाईक आलं, त्याला तो काय बोलला ते त्याला आठवत नाही. पुढे चार दिवस साक्षी घरात होती, आणि चारही दिवस तो सांगायला तोंड उघडायचा आणि विचारायचा, चहा घेतेस का.

त्याला भीती कशाची होती, हे उघड सांगायला हवं. पोरगी रागावेल, याची नव्हती. आपल्या घरातून एवढ्या वर जाणारी ती पहिलीच. तिचं काम खोटं निघालं तर लोक एकट्या साक्षीचं नाव घेणार नाहीत, सगळ्या वस्तीचं घेतील, हे त्याला साठीच्या घरात येईपर्यंतच्या अनुभवाने माहीत होतं. आणि ज्या हातांनी तिला शिकवलं त्याच हातांनी तिची माती केली, हे स्वतःच्या तोंडाने म्हणायचं होतं.

ती पुण्याला परत गेल्यावर तो तिच्यामागे एसटीने निघाला. तिकीट पुण्याचं काढलं आणि वाटेत, प्रांजलच्या गावी पेठला उतरला. उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला, एक चहा घेतला, अर्धा टाकला, आणि पलीकडे जाऊन परतीची गाडी धरली. दुपारी घरी पोचला तेव्हा जया धान्य पाखडत होती.

"इतक्यात आलात?"

त्याने ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं. जयाने सूप खाली ठेवलं. हाताला लागलेला कोंडा झटकला. मग म्हणाली, "त्या पेठच्या पोरीला बी आयबाप असतील."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तो निघाला आणि पेठला उतरला नाही.

साक्षीची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. माणसापेक्षा उंच पोलादी पिंप, भोवती नळ्या, आणि कोपऱ्यात धडधडणारा पंप. नवनाथने सवयीने त्याचा आवाज ऐकला. बेअरिंग जायला आलं होतं. सांगावंसं वाटलं, पण तो त्यासाठी आला नव्हता.

"जोड हाय," तो म्हणाला. "मी दिलाय. तुला सांगितला न्हाई."

साक्षीने त्याच्याकडे पाहिलं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "कितव्या फेऱ्याला?"

"बाराशे चाळीस."

यंत्र महिनाभर बंद होतं, कॉईल बाहेरच होती. तिने ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि त्याला खुर्ची दिली. वार्निश सोडवत, एकेक फेरा मोजत, त्याने ती उलगडायला घेतली. तीनशे साठ फेरे. ती शेजारी उभी राहून मोजत होती, लहानपणी मोजायची तशीच, पण आता ओठ न हलवता. शेवटी तो ठिपका दिसला. इतका सुबक जोड त्याने आयुष्यात दुसरा दिला नसेल.

साक्षीने आधी प्रांजलला फोन लावला. तिने उचलला नाही. मग तिने तिला लिहून पाठवलं की दोष स्फटिकात नव्हता, माझं चुकलं. ते पाठवून झाल्यावर ती बापाकडे वळली.

"नाना, जेवलात का तुम्ही?"

तेव्हा नवनाथला रडू फुटलं.

शोधनिबंध मागे घेतला गेला. त्याचं पत्र छापून आलं, ते साक्षीने त्याला मराठीत वाचून दाखवलं. कॉईलमध्ये सोल्डरचा जोड होता, आणि रिकामी कॉईल त्या थंडीत आधी तपासण्यात संशोधक विद्यार्थिनी साक्षी हिने हयगय केली, असं त्यात होतं. ते खरंही होतं. थंडीसाठी लागणाऱ्या हेलियमचा तुटवडा, यंत्रासाठी दहा जणांची रांग, म्हणून तिने ती तपासणी कमी थंडीत उरकली होती. पण नवनाथचं समाधान झालं नाही.

"माजं नाव कुटं हाय?"

"तुमचं कशाला?"

"आभारात घातलं व्हतंस. आता चुकीत का न्हाई?"

"कारण तपासायचं काम माझं होतं, नाना. दुसऱ्याच्या शब्दावर सोडायचं नसतं." तिने पत्राची घडी घातली. "घरच्यांच्या पण नाही."

ती हे रागाने म्हणाली नाही. इतर कुणाला सांगावं तसं सरळ म्हणाली. रागाने म्हणाली असती तर त्याला सोपं गेलं असतं. दुकानात गेल्यावर त्याने लॅमिनेट केलेलं पान काढलं. दादाभाऊने ते पाहिलं, आणि त्या दिवशी चहा त्याने पाजला.

मग नवनाथने जे त्याला येत होतं ते केलं. तशीच तार आणली, तशीच रिळी लेथवर करून घेतली, आणि रोज पहाटे गिऱ्हाईक यायच्या आधी दोन तास बसायला लागला. या वेळी तार तुटली की सगळं सोडायचं. ती अकरा वेळा तुटली. एका डोळ्याचा मोतीबिंदू पिकत आला होता. तीन महिने लागले, पण सोळाशे फेरे भरले, एकही जोड नसलेले. जयाने ती कॉईल कापसात आणि कापूस स्वच्छ रुमालात बांधून दिला.

"ही दिली की परत चालू हुईल तिचं," जया म्हणाली.

साक्षी त्याला संस्थेच्या कँटीनमध्ये भेटली. बारीक झाली होती. तिने त्याच्यासाठी ताट आणलं आणि समोर बसली. त्याचा हात खिशाकडे गेला, तेवढ्यात ती बोलायला लागली.

"बरं झालं आलात. तुम्हाला सांगायचंच होतं. माझी वर्षं संपली नाना, आता नव्याने मोजायला वेळ नाही. सर म्हणाले, आधीचं एक छोटं काम आहे त्याच्यावर प्रबंध लिहून टाक. पदवी मिळेल. तो धातू आता प्रांजलकडे दिलाय. ती बोलते माझ्याशी, थोडं थोडं."

"आन कॉईल?"

"सरांनी बाहेरून मागवली. आता सगळ्यांच्याच बाहेरून येतील, तसा नियमच केलाय." तिने त्याच्या ताटात पोळी वाढली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

नवनाथने हात खिशातून रिकामा बाहेर काढला आणि पोळी मोडली. आयुष्यात त्याच्या दारी माल घेऊन आलेल्या कुणाला त्याने परत पाठवलं नव्हतं, आणि त्याच्या हातचा माल कधी कुणी नाकारला नव्हता. पोरीनेही नाकारला नाही. तिला तो दिसलाच नाही.

दिवेलागणीला तो घरी पोचला. जया दारातच उभी होती.

"दिली का?"

"दिली."

"काय म्हणली?"

नवनाथ हातपाय धुवायला वळला. "लई येळ बघत बसली व्हती," तो म्हणाला. "म्हणली, नाना, अशी कॉईल बाहेरनं पण यायची न्हाई. आजच लावती म्हणली."

जया हसली. त्या सगळ्या वर्षात ती पहिल्यांदा हसली. तिने घाईघाईने ताट वाढलं, शेजारी बसून एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, आणि नवनाथ मान खाली घालून सगळ्याची उत्तरं देत राहिला.